मंजीरेची नऊ बेटे



बेट हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. किनाऱ्यावर झुकलेल्या माडांच्या रांगा, पांढरी वाळू आणि सभोवार अथांग निळे पाणी असे ते चित्र असते. अंदमानला किंवा लक्षद्वीपला ते लागू पडेल. आपले हैदराबाद मात्र पठारावरचे, खडकांत वसलेले शहर. समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहूनही दूर. तेव्हा उष्ण कटिबंधातील बेटे आणि त्यांवरील वन्य जीवन पाहावयास हैदराबादकराने कोठे जावे असा प्रश्न कोणी केला, तर ऐकणारा बहुधा विमानाच्या तिकिटाची चौकशी करू लागेल. फार तर हुसेनसागराच्या मध्यभागी ज्या खडकावर १९९२ साली भगवान बुद्धांची अखंड पाषाणमूर्ती उभी राहिली, त्या चिमुकल्या बेटाकडे तो बोट दाखवील. तेथे भाविक व प्रवासी पुष्कळ जातात, परंतु वन्य म्हणावे असे तेथे काही नाही.

मी आज ज्या बेटांविषयी बोलणार आहे, ती येथून अवघ्या पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहेत, आणि सतराव्या अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे उष्ण कटिबंधातील म्हणवून घेण्याचा त्यांचा अधिकारही निर्विवाद आहे. मुंबईच्या रस्त्याने निघावे, पाटणचेरू ओलांडावे, म्हणजे संगारेड्डी लागते. तेथून जवळच कलबगूर येथे मंजीरा नदीला बंधारा घातलेला आहे. या बंधाऱ्यापासून वर सिंगूरच्या धरणापर्यंत नदीचा जो सुमारे छत्तीस किलोमीटर लांबीचा पट्टा आहे, तोच मंजीरा अभयारण्य होय. त्याचे क्षेत्र वीस चौरस किलोमीटरच. पण त्या पाण्यात नऊ लहान बेटे आहेत. पुट्टीगड्डा, बापनगड्डा, करणमगड्डा अशी त्यांपैकी काहींची नावे. तेलुगूत 'गड्ड' म्हणजे जमीन, आणि करणम म्हणजे गावचा हिशेब ठेवणारा, आपल्याकडील कुलकर्णी. पाणी चढण्यापूर्वी या जमिनी कोणाच्या वहिवाटीत असाव्यात, याचा तर्क या नावांवरून करता येतो. आज तेथे दप्तरे नाहीत, पाणकावळ्यांची घरटी आहेत.

ही मंजीरा म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून आपली मांजरा. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. धनेगावच्या धरणात थोडी विसावून, तेरणा, तावरजा, घरणी अशा मैत्रिणींना बरोबर घेत, लातूरच्या काळ्या मातीतून आणि बिदरच्या तांबड्या पठाराजवळून ती तेलंगणात उतरते. येथवर पूर्वेची वाट धरून आलेली ही नदी संगारेड्डीच्या परिसरात मन पालटल्याप्रमाणे उत्तरेकडे वळते, निझामसागर भरते आणि कंदकुर्तीस गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत हा प्रवास ७२४ किलोमीटरांचा आहे. १९५६ पूर्वी तो जवळजवळ सगळाच हैदराबाद राज्याच्या हद्दीत होत असे. आज या नदीचे पाणी तीन राज्ये वाटून घेतात. मराठवाड्यातून येऊन या शहरात स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी नेमका हाच मार्ग आक्रमिला आहे, हे ओघात आठवले म्हणून सांगितले.

आता नदीत ही बेटे आणि बेटांवर हे प्राणिजीवन टिकून राहिले कसे, ते पाहू. याचे उत्तर वन्यजीवांच्या प्रेमात नाही. शहराच्या तहानेत आहे. १९०८ सालच्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि त्याने हैदराबादची दैना केली. त्यानंतर पुरास आळा बसावा आणि पिण्याचे पाणीही मिळावे अशा दुहेरी हेतूने १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे दोन तलाव सिद्ध झाले. पुढे शहर वाढले, ते पाणी पुरेना, म्हणून मंजीरेकडे दृष्टी वळली. १९६५ साली मंजीरेचे पाणी प्रथम हैदराबादला आले, १९८१ साली दुसरा टप्पा पूर्ण झाला आणि १९९० नंतर सिंगूरचे पाणीही त्यात मिळाले. जे पाणी लक्षावधी लोकांच्या घागरीत जावयाचे, त्यावर पहारा हा आलाच. बंधाऱ्यामुळे पाणी फुगले, पात्रातील उंचवटे बेटे होऊन उरले, आणि पहाऱ्यामुळे तेथे माणसांची वर्दळ झाली नाही. माणसाला पिण्यासाठी जे पाणी निर्मळ हवे होते, तेच मगरींना आणि पाखरांनाही मानवले.

या बेटांचे खरे महत्त्व समजण्यासाठी एखाद्या बगळ्याच्या किंवा करकोच्याच्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहावे लागते. घरटे बांधणाऱ्या पक्ष्याचे शत्रू जमिनीवरून येतात. कोल्हा येतो, रानमांजर येते, मुंगूस येते, गावातील कुत्री येतात, आणि सर्वांत शेवटी अंडी गोळा करणारा माणूस येतो. किनाऱ्यावरच्या बाभळीवर घरटे केले तर या साऱ्यांना ती शिडी मोकळीच असते. तीच बाभूळ पाण्याने वेढलेल्या बेटावर असली, म्हणजे किल्ल्याला खंदक लाभावा तसे होते. त्यातच या खंदकात मगरी आहेत. जुन्या गडांच्या खंदकांत मगरी सोडीत असत अशा कथा आपण ऐकतो; मंजीरेत ती कथा प्रत्यक्ष पाहावयास मिळते. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांताच्या दलदलीत याच कुळातील अ‍ॅलिगेटर नावाचा प्राणी आहे. ज्या झाडांखालच्या पाण्यात तो वावरतो, तेथेच बगळे-करकोचे वसाहत करतात, कारण झाडावर चढून अंडी चोरणारे प्राणी त्याच्या भयाने तिकडे फिरकत नाहीत. या राखणदारीचे वेतनही ठरलेले आहे. घरट्यातून जे पिल्लू खाली पडेल, ते त्याचे.

बेटांवरील बाभळी पक्ष्यांच्या विष्ठेने पांढऱ्या पडलेल्या दुरून दिसतात. शहरातील मनुष्य हे पाहून प्रथम नाक मुरडतो. परंतु ही विष्ठा पाण्यात उतरते तेव्हा तिच्यातील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ वाढते, शेवाळावर सूक्ष्म जीव, त्यांवर मासे, आणि माशांवर पुन्हा तेच पक्षी व मगरी. कडेच्या उथळ पाण्यात पाणकणसाची दाट बने आहेत. त्यांत जांभळ्या पाणकोंबड्या लपतात आणि नदी संथ होते तेथला गाळ धरला जातो.

पक्ष्यांपैकी प्रथम लक्ष वेधतो तो चित्रबलाक. पिवळी लांब चोच, पंखांवर काळ्यापांढऱ्या रेषांची नक्षी आणि पाठीमागे गुलाबी छटा, अशी त्याची शोभा असते. पण त्याची शिकारीची रीत रूपाहूनही पाहण्यासारखी आहे. तो डोळ्यांनी मासा शोधत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो ती डावीउजवीकडे फिरवीत चालतो, आणि मासा चोचीला लागताच ती मिटते. आंधळ्या माणसाने काठीने वाट चाचपावी त्या पद्धतीने हा पक्षी पोट भरतो, आणि त्यामुळे गढूळ पाण्याचे त्याला काही वाटत नाही. मात्र पाणी उथळ हवे. पायांच्या लांबीहून खोल पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. उन्हे तापू लागली की घरट्यातील पिलांवर पंखांची छत्री धरून उभे राहणारे आईबाप पाहावे. ते दृश्य दुर्बिणीतून एकदा पाहिलेला मनुष्य सहसा ते विसरत नाही.

त्याचाच भाऊबंद म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, ज्याला मुग्धबलाक असे सुंदर नाव मराठीत आहे. याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. जन्मतः ही फट नसते, वयाबरोबर ती पडते. याचे मुख्य भक्ष्य पाणगोगलगाय. शंखाच्या आतील स्नायू चोचीच्या टोकाने कापून तो गोगलगायीला शंख न फोडता अलगद बाहेर ओढतो. ज्यांना घरी नारळ फोडताना खोबरे सबंध काढता येत नाही, त्यांनी हे कौशल्य अवश्य पाहावे.

याखेरीज पाणकावळे आहेत, चोचीचे टोक पळीसारखे चपटे असलेले चमचे आहेत, चकाकणारे शराटी आहेत, आणि तिरंदाज आहे. हा तिरंदाज पोहतो तेव्हा केवळ मानच पाण्याबाहेर असते, म्हणून त्याला सर्पपक्षीही म्हणतात. मानेची कमान एकदम सरळ करून तो मासा चोचीने भोसकतो, वर येतो, मासा हवेत उडवून डोक्याकडून गिळतो, आणि मग खुंटावर बसून ओले पंख वाळत घालतो. बदकांपैकी हळदीकुंकू बदक येथे बारमाही असते. पिवळ्या टोकाच्या काळ्या चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. पक्ष्यांची अशी अर्थपूर्ण नावे मराठीत रूढ करण्याचे श्रेय ज्यांना द्यावे, त्यांत मारुती चितमपल्ली हे अग्रगण्य. ते सोलापूरचे, आणि घरची भाषा तेलुगू. २०२५ साली ते निवर्तले. तेलुगू घरात जन्मलेल्या माणसाने मराठीला पक्षिकोश द्यावा, हे आपल्या या दुभाषी शहरात सांगावयास मला विशेष आवडते.

हिवाळा आला म्हणजे या स्थायिक मंडळींत पाहुण्यांची भर पडते. चक्रवाक येतात, तलवार बदके येतात, आणि दूर मध्य आशियातून पट्टकादंब येतात. हा राखी रंगाचा हंस. डोक्यावर दोन काळे पट्टे ही त्याची खूण. मंगोलिया, तिबेट यांसारख्या उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी तो वीण करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. या पक्ष्यांच्या अंगावर यंत्रे बसवून केलेल्या निरीक्षणांत ते सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले आहे. त्या विरळ हवेत माणसाला दहा पावले टाकणेही कठीण. या हंसाचे रक्त मात्र तेथेही प्राणवायू शोषून घेते. इतका प्रवास करून आलेला हा पाहुणा येथे काय करतो? रात्री व पहाटे आसपासच्या शेतांत चरतो आणि दिवसभर बेटांच्या काठावर झोप काढतो. जेवण गावात आणि मुक्काम बेटावर. शेतात राखण असते, कुत्री असतात. निर्धास्त डोळा लागेल अशी जागा पाण्याच्या मध्यभागीच मिळते. कांड्या करकोच्यांचे थवेही याच नियमाने वागतात.

हैदराबाद राज्यातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी १९३१-३२ साली झाली, ती डॉ. सालिम अली यांनी केली. तेव्हा मंजीरेचा हा बंधारा नव्हता आणि बेटेही नव्हती. म्हणजे आपण जे नैसर्गिक वैभव म्हणून पाहावयास जातो, त्याचे वय एका माणसाच्या आयुष्याएवढेसुद्धा नाही. संधी मिळाली तर पाखरे किती त्वरेने नव्या जागेत संसार मांडतात, याचे हे उदाहरण आहे.

आता मगरींविषयी. मराठीत आपण मगर आणि सुसर हे शब्द वाटेल तसे वापरतो, परंतु दोन्ही प्राणी भिन्न आहेत. लांब, निमुळत्या जबड्याची, केवळ मासे खाणारी ती सुसर. तिचे घर उत्तरेकडील गंगा-चंबळेसारख्या नद्यांत. आपल्याकडील रुंद जबड्याची ती मगर, आणि मंजीरेत आहे ती हीच. कातड्याच्या लोभाने मगरींची इतकी कत्तल झाली की विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्या अनेक नद्यांतून दिसेनाशा झाल्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ डॉ. बस्टर्ड यांच्या सल्ल्याने १९७५ साली देशभर मगरींच्या पुनर्वसनाची योजना सुरू झाली. अंडी गोळा करावयाची, ती उबवावयाची, पिले मोठी होईपर्यंत पाळावयाची आणि मग सुरक्षित पाण्यात सोडावयाची, अशी तिची रीत. या विद्येचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था हैदराबादेतच निघाली, आणि १९६३ साली खुल्या झालेल्या येथील नेहरू प्राणिसंग्रहालयानेही मगरींच्या पैदाशीत वाटा उचलला. अशा रीतीने वाढविलेल्या मगरी ज्या जलाशयांत सोडण्यात आल्या, त्यांत मंजीरा होती. १९७८ साली या पट्ट्यास अभयारण्य म्हणून जाहीर केले, ते मुख्यतः मगरींसाठीच. पक्ष्यांना त्याचा लाभ आपोआप मिळाला.

हिवाळ्याच्या सकाळी मगर पाहावी. तिच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण होत नाही, म्हणून ती बेटाच्या उतारावर येऊन ऊन खात पडते. तास न् तास हालचाल नाही. जबडा मात्र उघडा. हा आ वासण्याचा प्रकार क्रोधाचा नसून अंगातील उष्णतेचे प्रमाण राखण्याचा आहे. मद्राससारख्या ठिकाणच्या बंदिस्त मगरींविषयी अभ्यासकांनी २०१३ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. बगळे घरट्यांसाठी काटक्या शोधत असतात त्या दिवसांत मगरी नाकावर काटक्या घेऊन निश्चल पडतात, आणि काटकी उचलावयास आलेला बगळा गट्ट करतात. ही बुद्धी म्हणावयाची की योगायोग, यावर विद्वानांत एकमत नाही. आपण तूर्त बगळ्याला सावध करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

येथवर ऐकून श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल. बेटावरील जीवन जर इतके सुरक्षित, तर बेट ही आदर्श स्थिती मानावी काय? १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी याविषयी एक सिद्धांत मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावरील प्राणिजाती कमी. कारण तेथे जाती नष्ट होण्याचा वेग अधिक आणि नव्या जाती येऊन पोहोचण्याची शक्यता थोडी. हा सिद्धांत समुद्रातील बेटांवरून सुचला, पण पुढे तो जमिनीवरील रानांनाही लावण्यात आला, आणि तेथेच तो आपल्या शहराला येऊन भिडतो.

ज्युबिली हिल्सवरील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान हे असेच एक बेट आहे. सुमारे १४० हेक्टरांचे ते रान. आत चिरान राजवाडा, खडक, मोर, साळिंदरे. आणि चहूबाजूंस समुद्राऐवजी मोटारींचा प्रवाह. विजयवाड्याच्या रस्त्यावरील महावीर हरिण वनस्थळी ही निजामाची जुनी शिकारगाह. भगवान महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाणवर्षाचे निमित्त साधून १९७५ साली तिला हे नाव मिळाले. तेथील काळवीट तेथेच जन्मते आणि तेथेच मरते. पाण्यातल्या बेटावरील पाखरू पंख पसरून मेदकला जाईल, निझामसागराला जाईल. पण महामार्गाच्या काठचे काळवीट कोठे जाणार? पिढ्यान्पिढ्या नात्यातच सोयरिकी होत राहिल्या तर कळप दुबळा होतो, हे गुरेढोरे पाळणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. २०२५ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील चारशे एकरांवरील झाडे तोडण्यास प्रारंभ झाला, विद्यार्थी व नागरिकांनी विरोध केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती तोड थांबविली. त्या वादाचा न्यायनिवाडा करणे हे माझे काम नव्हे. परंतु तेथील मोर व हरणे भेदरून वस्तीकडे धावू लागली, तेव्हा आपल्याला आढळले की या शहरात अशी बेटे एकमेकांपासून किती तुटलेली आहेत. पाण्याने वेढलेले बेट पक्ष्यांना तारते. सिमेंटने वेढलेले बेट चतुष्पादांना कोंडते. या दोहोंत मी फार मोठा फरक मानतो.

आणि पाण्याने वेढलेले बेटही पाणी असेपर्यंतच बेट. २०१५-१६ च्या दुष्काळात हे अनुभवास आले. सलग दोन वर्षे पावसाने ओढ दिली. उगमाकडील धनेगावचे धरण आटले, आणि २०१६ च्या एप्रिलपासून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविण्याचा प्रसंग आला. त्या पाण्याच्या गाड्यांची चित्रे सर्वांनी वृत्तपत्रांत पाहिली. खालच्या बाजूस सिंगूर आणि मंजीरा येथेही खडखडाट झाला, आणि हैदराबादला तेथून होणारा पुरवठा बंद पडला. पाणी हटले की बेटाभोवतीचा खंदक कोरडा पडतो. कुत्री व गुरे चालत बेटावर जातात, डबक्यांत उरलेले मासे जाळ्यांनी ओढले जातात, आणि मगरी खोल पाण्याच्या शोधात उरल्यासुरल्या डोहांत गर्दी करतात किंवा भलत्या दिशेस निघून माणसांच्या वाटेत येतात. चित्रबलाकाला उथळ पाणी हवे असे मी मघाशी म्हणालो. पण त्याच्या घरट्याच्या बुंध्याशी खोल पाणी हवे. या दोन गरजांचा मेळ बसेल इतपत पाणी नदीत राहते की नाही, हे संगारेड्डीत ठरत नाही. ते बीड-लातूरकडील पावसावर, आणि मांजरेच्या खोऱ्यात आपण किती ऊस लावतो यावरही ठरते. उसाला दोष देणे सोपे आहे, आणि त्यावर पोट असलेल्या शेतकऱ्याला उपदेश करणे त्याहून सोपे आहे. तरीही उगमाकडे वाटलेली प्रत्येक घागर खाली कोणाच्या तरी हिशेबात वजा होते, हे गणित टळत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. २००४ साली कृष्णेचे पाणी हैदराबादेत आले आणि २०१५ साली गोदावरीचे. शहराला मंजीरेची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. पिण्याच्या पाण्याच्या नावाखाली बसलेला पहारा ज्या दिवशी अनावश्यक वाटू लागेल, त्या दिवशी या बेटांवर काय काय सुचविले जाईल, याची कल्पना करणे कठीण नाही. वरंगळच्या पलीकडे लकनावरम नावाचा काकतीय राजांच्या काळातील तलाव आहे. त्यातही बेटे आहेत. झुलता पूल आहे, मुक्कामाच्या खोल्या आहेत, सुटीच्या दिवशी मोठी गर्दी असते. मी त्या स्थळाची निंदा करीत नाही. सहकुटुंब जाण्यास ती जागा रम्य आहे, आणि लोकांना रम्य जागा हव्यातच. परंतु पुलाने जोडलेल्या बेटावर मुग्धबलाक घरटे करणार नाही. नऊ बेटे तरी पुलावाचून राहू द्यावीत, एवढेच माझे मागणे आहे.

ज्यांना मंजीरा पाहावयाची असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. आधी वनखात्याकडे प्रवेशाविषयी चौकशी करून परवानगी घ्यावी. अंधारातच निघावे, म्हणजे सूर्योदयास बंधाऱ्यापाशी पोहोचता येते. नऊच्या पुढे पक्षी सुस्तावतात आणि मगरी मात्र उन्हाला येऊ लागतात, म्हणून दोन्ही पाहावयाचे तर दहापर्यंत थांबावे. भडक रंगांचे कपडे टाळावेत. दुर्बीण अवश्य न्यावी; दोन कुटुंबांत एक असली तरी चालते. पाण्याच्या अगदी काठाशी बसून डबा उघडणे, पाय धुणे, मुलांना खेळावयास सोडणे, हे मुळीच करू नये. मगर दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. होडीची सोय झालीच तर बेटाजवळ नेण्याचा आग्रह नावाड्यास करू नये. होडी फार जवळ आली की सगळी वसाहत एकदम उडते, आणि तेवढ्या अवधीत कावळे व घारी उघड्या घरट्यांतील अंडी लांबवितात. एका छायाचित्रासाठी ही किंमत फार झाली. परतताना वेळ उरला तर अमीनपूरच्या तलावावर थांबावे. २०१६ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला, आणि चोहोबाजूंनी इमारती चढत असतानाही तेथे अजून पाखरे उतरतात.

मार्चमध्ये पट्टकादंब उत्तरेकडे परततात. त्याच सुमारास मगरीची मादी काठच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. मातीची ऊब साधारण साडेबत्तीस अंशांच्या आसपास राहिली तर पिले बहुतांशी नर होतात, त्याहून कमी-अधिक झाली तर माद्या. सुमारे दोन महिन्यांनी पिले अंड्यांतून आवाज देऊ लागतात, तो ऐकून मादी माती उकरते, आणि ज्या जबड्याची आपल्याला धास्ती वाटते त्याच जबड्यात त्यांना अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. हे घडते मे-जूनमध्ये, नदी सर्वांत रोडावलेली असते तेव्हा. लातूरकडून येणारे नवे गढूळ पाणी सिंगूरला पोहोचावयास तेव्हा अजून काही आठवडे असतात.